उकिरड्याचा जमाखर्च

बारा वर्षांनीं उकिरड्याचेंही दैव उघडतें, अशी आपल्यांत म्हण आहे. पुणें जिल्ह्यांतील पिंपरी-चिंचवडपासून चाकण-खेडपर्यंतच्या पट्ट्यांत ती आतां अक्षरशः खरी ठरली आहे. ज्या उकिरड्याकडे पूर्वीं कोणी ढुंकून पाहत नसे, त्यांतील शेणखत आज ट्रॉलीच्या भावानें विकलें जातें, आणि कांदा-बटाटा लावणारा शेतकरी तें वेळेवर मिळावें म्हणून आगाऊ पैसे मोजतो. परंतु दैव उघडलें तें खताचें. उकिरडा ठेवण्याची आपली रीत मात्र होती तशीच राहिली आहे. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. जमा आणि खर्च समोरासमोर मांडून शिल्लक काढणें हा आमचा जन्माचा व्यवसाय. तेव्हां खताच्या प्रश्नाकडेही आम्ही त्याच दृष्टीनें पाहतों, आणि पाहूं जातां अशी तूट दृष्टीस पडते कीं, ती सरकारी वहींत आढळती तर त्या कारकुनाची धडगत नसती.

आधीं या मुलखाची स्थिति सांगितली पाहिजे. पुणें शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं दख्खनच्या एका खेड्यांतील जमीन व श्रम यांविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. तें खेडें म्हणजे आपलें पिंपळे सौदागर. १७७१ सालीं तेथें खातेदारामागें सरासरी चाळीस एकर जमीन होती, ती १९१४-१५ सालीं सात एकरांवर आली होती, असें त्यांनीं जुन्या दप्तरांवरून दाखविलें. त्या पिंपळे सौदागरांत आज नांगर नाहीं. १९८२ सालीं स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत उंच इमारतींचें तें एक उपनगर आहे. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पुढें कारखान्यांची ही ओळ भोसरी, तळवडें करीत चाकणच्या माळापर्यंत गेली. जमीन गेली तशीं जनावरेंही गेलीं. नांगराचें काम ट्रॅक्टरनें घेतलें. दावणीचे बैल कमी झाले, आणि जे राहिले त्यांतील कित्येक घाटांत गाडा पळविण्याच्या हौसेपोटीं राहिले. (त्या बैलांस मिळणारी खुराकी त्यांच्या मालकांच्या मुलांसही मिळो, एवढेंच आम्ही म्हणतों.) जमीन उरली ती तुकड्यातुकड्यांची, पण विहिरीच्या पाण्यावर वर्षांतून दोन-तीन पिकें देणारी, म्हणजे पूर्वींपेक्षां अधिक खत मागणारी, आणि खत देणारी जनावरें उरलीं पूर्वींच्या मानानें थोडीं. अशा वेळीं जें खत घरांत आहे तें राखण्यास किती महत्त्व आहे, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे.

आतां हिशेब. एका घरीं चार मोठीं जनावरें आहेत असें धरा. जनावरामागें रोज बारा किलो शेण व सहा लिटर मूत्र, हा अंदाज फुगविलेला नाहीं. वर्षाचें शेण साडेसतरा हजार किलो झालें, व मूत्र पावणेनऊ हजार लिटर. ताज्या शेणांत शेंकडा ०.३ च्या सुमारास नत्र असतें, मूत्रांत शेंकडा १ च्या सुमारास. म्हणजे शेणाकडून ५२ किलो नत्र जमा, आणि मूत्राकडून ८७ किलो. एकूण सुमारें १४० किलो. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणींत २०.७ किलो नत्र असतें. या भावानें चार जनावरांच्या गोठ्यांत वर्षास पावणेसात गोणी युरिया तयार होतो, आणि त्यांतील चार गोणींहून अधिक मूत्रांत असतो! पालाशाचीही गोष्ट तीच. तो बहुतेक मूत्राच्याच वाटेनें बाहेर पडतो. स्फुरद तेवढें शेणांत राहतें. आपण मात्र शेण टोपलींत भरून मोठ्या काळजीनें उकिरड्यावर नेतों, आणि मूत्र गोठ्याच्या मुरुमांत जिरूं देतों. जमेची मोठी रक्कम अशी वहींत चढण्यापूर्वींच गळून जाते.

जें उकिरड्यावर पोहोंचतें त्याची तरी काय वाट लागते? सकाळीं गोठ्याचें दार उघडतांच नाकास झोंबणारा जो दर्प येतो, तो अमोनिया वायूचा. मूत्रांतील युरिया जंतूंच्या योगानें एक-दोन दिवसांत त्या वायूच्या रूपास जातो, व उघड्यावर असेल तर उडून जातो. दर्प आला म्हणजे खत ‘तेज’ आहे असें आपण समजतों. वस्तुतः तो दर्प म्हणजे पैसे जात असल्याची वर्दी होय. उन्हाळ्यांत पसरट ढीग वाळून राख होतो. पावसाळ्यांत त्यांतून काळें पाणी वाहून ओढ्यास मिळतें. त्या काळ्या पाण्यांत विरघळलेलें नत्र व पालाश असतें. अशा तऱ्हेनें उघड्या उकिरड्यांतून निम्म्यापर्यंत नत्र नाहींसें होऊं शकतें. शिवाय चुलींत जाणाऱ्या गोवऱ्या आहेतच. डॉ. व्हेल्कर यांनीं हिंदुस्थानच्या शेतीविषयींच्या आपल्या १८९३ सालच्या अहवालांत शेण जाळण्याच्या चालीचा मोठा विचार केला होता. आतां घरोघर गॅस आल्यानें ती चाल बरीच मागें पडली, पण चुलींतून वांचलेलें शेण उकिरड्यावर वाया जात असेल तर फरक तो काय पडला?

या तुटीची किंमत शेतांत कशी मोजावी लागते तें पाहा. खेड तालुक्यांतच, राजगुरुनगर येथें, कांदा व लसूण यांचें राष्ट्रीय संशोधन संचालनालय आहे. १९९४ सालीं नाशिकास सुरू झालेली ही संस्था १९९८ सालीं येथें आली. कांद्यास हेक्टरीं ७५ किलो नत्र मिळेल इतकें सेंद्रिय खत लागवडीपूर्वीं द्यावें, अशी तेथील शिफारस आहे. शेणखत चांगलें राखलेलें, शेंकडा ०.५ नत्राचें असेल तर त्यासाठीं १५ टन पुरतात. तेंच खत उन्हापावसांत पडून शेंकडा ०.३ वर आलें असेल, तर तितक्याच नत्राकरितां २५ टन लागतील. ट्रॉलींत तीन टन मावतात असें धरल्यास एकीकडे पांच ट्रॉल्या, दुसरीकडे आठांहून अधिक. तीन ट्रॉल्यांचें मोल, भरणावळ, वाहतूक व पसरण्याची मजुरी, हा सर्व दंड उकिरडा उघडा ठेवल्याबद्दलचा. खरेदी करणारा शेतकरी ट्रॉली मोजतो, नत्र मोजीत नाहीं. त्यामुळें चांगलें खत राखणाऱ्यास व वाईट राखणाऱ्यास भाव एकच मिळतो, आणि राखण्याची उमेद कोणासच राहत नाहीं. आमच्या मतें हा या बाजाराचा मोठाच दोष आहे.

ज्यांनीं हा प्रश्न साठवणच टाळून सोडविला, त्यांचा उल्लेख येथें केला पाहिजे. दिवाळीनंतर कोंकणाकडे उतरणारे व पावसाळ्याच्या तोंडीं परतणारे धनगर वाटेंत शेतांतून मेंढ्या बसवितात. मेंढीच्या लेंडींत शेणाहून दुप्पट नत्र असतें आणि मूत्रांत त्याहूनही अधिक. तें सर्व रात्रींत जागच्या जागीं जमिनींत मुरतें. दुसऱ्याच दिवशीं कुळव फिरविला म्हणजे गळती जवळजवळ नाहींच. धान्य किंवा रोकड देऊन केलेल्या या व्यवहारांत शेतकऱ्याची कधीं ठकबाजी झाली नाहीं. परंतु मोकळीं रानें कुंपणांनीं बंदिस्त झालीं, रस्त्यांवरून अवजड गाड्या धांवूं लागल्या, आणि कळप या पट्ट्यांतून पूर्वींसारखे सुखानें जाऊं शकत नाहींत. तेव्हां साठवणीचा विचार करणें प्राप्तच आहे.

पहिला उपाय गोठ्यांतच करावयाचा. जनावरांखालीं कोरड्या मातीचा वा वाळल्या पालापाचोळ्याचा थर घालावा. भाताचें काड, गव्हाचा भुसा, कांद्याची वाळलेली पात, उंसाचें पाचट, जें मिळेल तें चालतें. मूत्र त्यांत शोषलें जातें, व तो ओला थर रोज सकाळीं शेणाबरोबर खड्ड्यांत जातो. ज्यांचा गोठा फरशीचा आहे त्यांनीं उतार देऊन, नाली काढून, मूत्र एका टांकींत धरावें. काडाचा आणखी एक उपयोग आहे. काडांत कर्ब फार व नत्र थोडें, शेणमूत्रांत नत्र मानानें अधिक. दोहोंचा मेळ बसला म्हणजे जंतू तें नत्र आपल्या शरीरांत बांधून ठेवतात व तें उडून जात नाहीं. कर्ब पंचवीस-तीस भाग व नत्र एक भाग, हें प्रमाण उत्तम मानलें आहे. शेतकऱ्यास तें तराजूनें मोजणें शक्य नाहीं. पण अमोनियाचा दर्प येऊं लागला तर काड वाढवावें, आणि ढीग थंड पडून कुजेनासा झाला तर शेण वाढवावें, इतकें नाक व हात यांवरून कोणासही कळतें. ओलाव्याचीही परीक्षा हातानेंच होते: मूठभर खत दाबलें असतां हात ओला व्हावा, पण पाणी टपकूं नये.

खड्ड्याविषयीं डॉ. आचार्य यांनीं सांगितलेली चराची रीत आमच्या मतें आपल्या भागास सर्वांत सोयीची आहे. वीस-पंचवीस फूट लांब, पांच-सहा फूट रुंद व तीन फूट खोल असा चर खणावा, आणि एका टोंकापासून तीन-चार फुटांचा भाग रोजच्या रोज भरीत जावा. तो भाग जमिनीच्या वर दीड-दोन फूट आला कीं त्यास घुमटासारखा आकार देऊन शेणमातीच्या काल्यानें लिंपून टाकावें, व पुढचा भाग भरावयास घ्यावा. लिंपलेलें खत चार-पांच महिन्यांत तयार होतें. सर्व चर एकदम पसरट भरणें व वर्षभर उघडा ठेवणें, ही जी आपली चाल, तिच्यांत व हिच्यांत श्रमाचा फरक थोडा, पण फळाचा फार. मात्र मावळांत, जेथें पाऊस मुसळधार आहे, तेथें खड्डा खणूं नये. तो तळ्यासारखा भरतो. तेथें उंचवट्यावर ढीग करून वर छप्पर घालावें. छप्परास जुने पत्रे पुरतात, आणि कारखान्यांच्या या मुलखांत जुन्या पत्र्यांची उणीव आहे असें कोणीं म्हणूं नये.

ज्यांच्याजवळ शेण थोडें व काडीकचरा पुष्कळ आहे, त्यांस दोन रीती ठाऊक असाव्यात. इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं, यशवंत वाड यांच्या साहाय्यानें, ढिगास वरचेवर पालटून हवा देण्याची रीत बसविली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. आणि पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना लोक ‘नाडेप काका’ म्हणत, यांनीं विटांचें भोंकें ठेवलेलें टांकें काढलें: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. शंभर किलो शेण, चौदा-पंधराशें किलो काडीकचरा, जवळजवळ तितकीच माती व पाणी यांचे थर त्यांत भरले म्हणजे तीन-चार महिन्यांत खत तयार होतें. पालटण्याचे श्रम नाहींत हें याचें वैशिष्ट्य. भोंकांतून हवा आपोआप खेळते.

आतां शेणाहून वेगळ्या खतांकडे वळूं. जनावरें घटल्यापासून या भागांतील कांदेकरी कोंबडीखताकडे वळले आहेत, आणि कोठें कोठें डुकरें पाळून त्यांच्या खताचाही उपयोग होऊं लागला आहे. डुकराचें नांव काढतांच नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांस एवढेंच विचारतों कीं, जें खत पिकास चालतें त्याची जात विचारण्याचें आपणांस कारण काय? दोष असेल तर तो खतांत नसून तें ठेवण्याच्या पद्धतींत आहे. डुकराच्या विष्ठेंत नत्र शेंकडा ०.६ व स्फुरद ०.५ च्या सुमारास असतें. कोंबडीखतांत नत्र ३ व स्फुरद २.६. ताज्या शेणाशीं तुलना करतां ही दोन्हीं खतें कितीतरी सरस आहेत. पण आंकडे नीट पाहिले असतां एक गोष्ट ध्यानांत येईल. दोहोंत स्फुरद जवळजवळ नत्राइतकें आहे, आणि कांद्यास तर स्फुरद साधारणतः नत्राच्या निम्म्याहूनही कमी लागतें.

याचा परिणाम कसा होतो तो हिशेबानेंच दाखवितों. ७५ किलो नत्र मिळावें म्हणून डुकराचें ताजें, नत्र न गमावलेलें खत साडेबारा टन घातलें, तर त्याबरोबर ६२ किलो स्फुरद जमिनींत गेलें. हें अधिकच झालें, तथापि सोसेल. पण तेंच खत उघड्या डबक्यांत पडून त्याचें निम्में नत्र उडालें, तर तितक्याच नत्रासाठीं पंचवीस टन घालावें लागेल, आणि स्फुरद जाईल १२५ किलो! कारण स्फुरद उडत नाहीं. तें जसेंच्या तसें राहतें. दरवर्षीं असें होत गेलें म्हणजे जमिनींत स्फुरद साचतें, जस्तासारखीं सूक्ष्म द्रव्यें पिकास मिळेनाशीं होतात, आणि पावसानें वाहून गेलेल्या मातीबरोबर तें इंद्रायणी-भामेच्या पाण्यांत जाऊन शेवाळें व जलपर्णी पोसतें. सारांश, साठवणींतील नत्राची गळती ही केवळ उणीव नव्हे. ती खताचें प्रमाणच बिघडवून टाकते. माती तपासून ज्या शेतांत स्फुरद भरपूर आढळेल, तेथें हें खत स्फुरदाच्या गरजेइतकेंच घालावें व उरलेलें नत्र युरियानें पुरें करावें. शेणखताची गोष्ट उलट आहे. त्यांत स्फुरद थोडें. म्हणून खड्डा भरतांनाच टनामागें वीस किलोंच्या आसपास सुपर फॉस्फेट थरांवर भुरभुरविलें तर स्फुरदाची भर पडते व अमोनियाही कांहींसा धरला जातो.

ही तक्रार आपल्याकडचीच आहे असें नाहीं. हॉलंड देशांत डुकरें व कोंबड्या इतक्या झाल्या कीं, १९८४ सालीं त्यांच्या वाढीस कायद्यानें आळा घालावा लागला. आणि १९९१ सालीं युरोपांतील राष्ट्रसंघानें पाण्याच्या रक्षणासाठीं नियम केला, त्याअन्वयें जनावरांच्या खतांतून हेक्टरीं वर्षास १७० किलोंहून अधिक नत्र देण्यास, कांहीं सवलती वगळतां, मनाई आहे. आपणांस ही मर्यादा दूरची वाटेल. पण हेक्टरीं दहा टन कोंबडीखत ओतणारे शेतकरी आमच्या पाहण्यांत आहेत. त्यांनीं ३०० किलो नत्र दिलें हें त्यांच्या गांवीही नसतें. पीक नुसतें पाल्यास जातें, कांद्याची मान जाड होते, चाळींत तो टिकत नाहीं, आणि दोष बियाण्यास दिला जातो.

ज्यांस डुकरें पाळावयाचीं आहेत त्यांनीं खताची जागा आधीं बांधावी, मग जनावरें आणावीं. वाढतें डुकर मलमूत्र मिळून रोज पांच-सहा किलो देतें. वीस डुकरांचें पावसाळ्याच्या चार महिन्यांचें बारा ते साडेचौदा टन होईल. तेव्हां पांच मीटर लांब, तीन मीटर रुंद व सव्वा मीटर खोल असें पक्क्या तळाचें, छप्पर असलेलें टांकें हवें. मात्र नळी लावून गोठा धुण्याची सवय असेल तर हें माप दुपटीनेंही पुरणार नाहीं. प्रथम खरवडून काढावें, मग थोडक्या पाण्यानें धुवावें. विष्ठा काडाबरोबर रचून कुजविली तर ढीग इतका तापतो कीं जंतांचीं अंडीं व तणांचें बीं त्यांत मरतें. म्हणून कच्चें खत भाजीपाल्यास कधींही घालूं नये. शेणखतही कच्चें घातलें तर हुमणी शेतांत येते, हें आपल्याकडे पोरासही ठाऊक आहे. आणि एक सूचना कळकळीची: बंद टांकींत साचलेला विषारी वायू क्षणांत प्राण घेतो; टांकीं साफ करण्यास आंत माणूस उतरवूं नये, व कोणी पडला तर त्यामागें दुसऱ्यानें उडी घालूं नये.

विहिरीचा विचार तर सर्वांआधीं करावयास हवा होता. आपल्या भागांत मातीचा थर पातळ व खालीं मुरूम. उकिरड्याचें पाणी मुरुमांतून सहज विहिरींत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें अशी आपल्या देशाची मर्यादा आहे. अधिक झालें तर वरच्या दुधावरील तान्ह्या मुलांचें रक्त प्राणवायू नेईनासें होऊन तीं निळीं पडतात. उकिरडा विहिरीच्या उताराखालीं व निदान शंभर फूट दूर असावा, तळ चोपण मातीनें धुम्मस करून घट्ट करावा. कारखान्यांच्या सांडपाण्यांतून निघालेला गाळ फुकट मिळतो म्हणून खड्ड्यांत घेऊं नये. त्यांत जड धातू असूं शकतात, आणि ते एकदां जमिनींत गेले म्हणजे नातवंडांपर्यंत निघत नाहींत.

शेवटचा खर्च शेतावर होतो. चैत्र-वैशाखांत खताच्या ढिगल्या शेतभर टाकून पाऊस येईपर्यंत तशाच ठेवण्याची चाल आहे. वर्षभर राखलेलें नत्र त्या उन्हांत जातें. जेवढें त्याच दिवशीं मातींत कालवितां येईल तेवढेंच खत शेतावर न्यावें. गोबरगॅसचें संयंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांस वेगळी काळजी नाहीं असें नव्हे: गॅसबरोबर कर्ब जातो, नत्र मळींत राहतें, आणि त्यांतील बरेंच अमोनियाच्या रूपांत असल्यानें मळी उघडी वाळविली तर तें उडतें. ती ओलीच पाटाच्या पाण्याबरोबर द्यावी, किंवा काडावर ओतून खड्ड्यांत घालावी.

चर दोन असावेत. एक भरतीचा, एक मुरतीचा. प्रत्येकाच्या टोंकास दगड रोवून त्यावर लिंपण्याची तारीख चुन्यानें लिहावी. गणपतीच्या सुमारास लिंपलेला चर पौष-माघांत उन्हाळी कांद्यास उघडतां येतो, आणि संक्रांतीस लिंपलेला मृगापूर्वीं तयार होतो. लिंपतांना थोडें खत पिशवींत घेऊन माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेंत द्यावें. नत्राचा आंकडा हातीं आला कीं किती ट्रॉल्या पुरतील तें घरबसल्या काढतां येतें, आणि खत विकावयाचें झाल्यास भाव सांगतांना तोच कागद गिऱ्हाइकापुढें ठेवतां येतो.